स्पॅनिश येतं म्हणून फ्रेंचमध्ये उडी मारताय? पोहण्याच्या क्रियापदात या चुका टाळा

स्पॅनिशनंतर फ्रेंच शिकायला घेतलं की एक खोड लागते. शब्द आठवला नाही की जुन्या भाषेतला ओढून आणायचा. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये पोहणं म्हणजे ‘नादार’, मग फ्रेंचमध्ये ‘नाते’ असणार, असं मी वर्गात ठोकून दिलं होतं. बाईंनी काही न बोलता फळ्यावर लिहिलं: ‘नाजे’.

मूळ लॅटिन शब्द ‘नातारे’. बोलीत त्याचं ‘नोतारे’ही झालं. त्यातूनच इटालियन ‘नुओतारे’ आला आणि आधी उपसर्ग लागून रोमानियन क्रियापद. जुन्या फ्रेंचमध्येही ‘नोए’ होतं, पण मधला ‘त’ गळाल्यावर ते गाठ बांधण्याच्या आणि बुडण्याच्या क्रियापदांना फार चिकटलं. पोहणं आणि बुडणं सारखंच ऐकू यायला लागलं तर काय करायचं? फ्रेंचांनी ‘नाजे’ उचललं. ते लॅटिन ‘नाविगारे’वरून आलेलं, आधी अर्थ होता नावेतून जाणं, वल्हवणं. लॅटिन ‘नाविस’ आणि आपली नाव एकाच मुळातल्या. गंमत म्हणजे ‘नातारे’चं मूळही आपल्या घरात आहे: संस्कृत ‘स्ना’, म्हणजे आपलं न्हाणं. स्पॅनिश माणूस न्हाऊन पोहतो, फ्रेंच माणूस नाव घालून. मला तरी हे पाठांतरापेक्षा सोपं गेलं.

इटालियनमध्ये ‘उ’ खाऊ नका. ‘ओ नुओतातो’ म्हणजे मी पोहलो. ‘ओ नोतातो’ म्हणजे माझ्या लक्षात आलं. आणि गतीचं क्रियापद दिसलं म्हणून भूतकाळात ‘असणे’चं साहाय्यक क्रियापद लावू नका, इटालियन आणि फ्रेंच, दोन्हीकडे पोहण्याला ‘जवळ असणे’चंच लागतं.

सगळ्यात जास्त चुका मात्र ‘मला पोहता येतं’ या वाक्यात होतात. आपण मनात आधी इंग्रजी करतो आणि स्पॅनिशमध्ये ‘पुएदो नादार’ म्हणून बसतो. त्याचा अर्थ होतो, आत्ता मला पोहणं शक्य आहे: तलाव उघडा आहे, ताप उतरलाय वगैरे. कौशल्य सांगायचं तर ‘से नादार’, फ्रेंचमध्ये ‘ज्ये से नाजे’, म्हणजे ‘जाणणे’चं क्रियापद. मराठीत ‘पोहता येतं’ आणि ‘पोहू शकतो’ हा फरक आहेच की! तोच धरा, इंग्रजीच्या वाटेला जाऊच नका.

उच्चाराचं एकच: स्पॅनिश ‘द’ दाताला जीभ लावून, मऊ. इंग्रजी सवयीने ‘नाडा’ म्हणाल तर तो पायजम्याचा होईल. ‘नादा’चे मात्र दोन अर्थ आहेत, ‘पोहतो’ आणि ‘काहीच नाही’. त्यावर स्पॅनिश पोरंटोरं सांगतात तो विनोद: ‘उस्तेद नो नादा नादा?’ तुम्ही अजिबात पोहत नाही? उत्तर: ‘नो त्राखे त्राखे.’ पोहण्याचा पोशाख आणला नाही हो.