ढग आणि जमिनीचा कपॅसिटर: सूत्र पाठ असूनही होणाऱ्या या चुका टाळा

मेअखेरीस मुंबईवर वळवाचे ढग गडगडायला लागले की दादरच्या आमच्या व्हेकेशन बॅचमध्ये हे गणित मी हमखास घालतो. ढग ४ किलोमीटर लांब, ४ किलोमीटर रुंद (दादरहून जवळजवळ वांद्र्यापर्यंत), जमिनीपासून २ किलोमीटर वर, त्यावर २० कूलंब ऋण प्रभार. ढग ही एक प्लेट, जमीन दुसरी असं धरून कपॅसिटन्स (दर व्होल्टला किती प्रभार मावतो ते) आणि व्होल्टेज काढा. सूत्र तेच: के गुणिले ε₀ गुणिले क्षेत्रफळ, भागिले अंतर; के म्हणजे मधल्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक.

बरोबर उत्तर ०.०७१ मायक्रोफॅरड. आणि गंमत म्हणजे ज्यांचं हे उत्तर येतं, तीच मुलं ते खोडतात. "सर, पंख्याचा कपॅसिटर अडीच मायक्रोफॅरडचा असतो. एवढ्या ढगाचा त्याच्या पस्तिसावा हिस्सा कसा असेल?" असतो बाबा. पंख्याच्या कपॅसिटरमध्ये प्लेटांमधलं अंतर केसापेक्षाही कमी, इथे ते २ किलोमीटर. डोळ्यांना पटत नाही म्हणून उत्तर बदलू नका.

उत्तर खरंच चुकलं असेल, तर ते किती आलं यावरून चूक सापडते.

७१ पिकोफॅरड आलं? तुम्ही १६ चौरस किलोमीटरचे १६ हजार चौरस मीटर केलेत. होतात १ कोटी ६० लाख. हजाराने दोनदा गुणायचं असतं. या चुकीने विद्युत फील्ड (व्होल्टेज भागिले अंतर) दर मीटरला १४ कोटी व्होल्ट निघतं. कोरडी हवा ३० लाखांवरच फुटते, म्हणजे तिच्यातून ठिणगी जाते; म्हणजे असा ढग इतका भरूच शकला नसता.

७१ मायक्रोफॅरड आलं तर अंतर २ असंच टाकलंय, २००० नाही. ही चूक लबाड आहे. पुढे व्होल्टेजला त्याच २ ने भागलं की फील्ड अगदी बरोबर येतं, कारण फील्डच्या सूत्रात अंतर उरतच नाही. व्होल्टेज बघा: २.८ लाख. ते खऱ्या २००० मीटरांवर पसरलं तर मीटरला १४१ व्होल्ट. निरभ्र दिवशीही जमिनीजवळ साधारण १०० व्होल्ट असतातच, मग ढगाने केलं काय?

५.७ मायक्रोफॅरड आलं, तर के ८० घेतलाय. पाऊस म्हणजे पाणी, पाण्याचा के ८०, असा हिशेब. पण एक घनमीटर ढगात पाणी जेमतेम ग्रॅम-दोन ग्रॅम, बाकी सगळी हवा. के १ च.

कपॅसिटन्स बरोबर, पण व्होल्टेज २८ कोटींऐवजी १४ कोटी? मग फील्डसाठी एकट्या पत्र्याचं सूत्र वापरलंत, छेदात २ असलेलं. जमीन नुसती खाली पसरलेली नाही. ढगाखाली तिच्यावर तेवढाच धन प्रभार ओढला जातो. दोघांची फील्ड मधल्या जागेत एकाच दिशेने, म्हणून २ जातो. आणि उत्तर २८,२४,८५,८७६ असं लिहू नका. प्लेट ४ किलोमीटरची, अंतर २. कडांना फील्ड फाकतंच. २८ कोटी पुरे.

पुढे साठलेली ऊर्जा विचारली की सूत्रातला (अर्धा गुणिले प्रभार गुणिले व्होल्टेज) अर्धा विसरणारे दरवर्षी निघतात. अर्धा घेतला तर २८० कोटी ज्यूल, म्हणजे सुमारे ७८० युनिट वीज. विसरला तर दुप्पट. प्रभार साठत जातो तसं व्होल्टेज शून्यापासून चढतं; पहिला कूलंब काही २८ कोटी व्होल्टविरुद्ध चढवावा लागत नाही.

शेवटची चूक हुशार मुलांची. फील्ड मीटरला १.४१ लाख, हवा फुटायला ३० लाख हवेत, "म्हणजे वीज पडणारच नाही." हे आकडे सपाट प्लेटचे, सरासरीचे आहेत. खऱ्या ढगात प्रभार गोळ्यागोळ्यांनी साठतो, उंचीवर हवा विरळ म्हणून कमी फील्डलाच फुटते, थेंबांच्या नि बर्फकणांच्या टोकांशी फील्ड कितीतरी वाढतं. ठिणगी तिथे सुरू होते आणि पुढची वाट स्वतःच फोडत टप्प्याटप्प्याने खाली येते. यातलं काहीच या सूत्रात नाही. परीक्षेत "वीज पडेल का?" असं विचारलं, तर सरासरी फील्ड लिहा आणि मॉडेल इथे थांबतं हेही एका ओळीत लिहा.