सांगली ते सातारा : एटीएमचा सेल कागदावर कसा चालवावा

पैसे काढायचं एटीएम नव्हे. हे असिंक्रोनस ट्रान्सफर मोड : माहितीचे एकाच मापाचे छोटे तुकडे, म्हणजे सेल, करून पाठवायची पद्धत, जुन्या एडीएसएल (टेलिफोनच्या तारेवरच्या) ब्रॉडबँडच्या पोटातली. बीएसएनएलचा मॉडेम बसवताना ‘व्हीपीआय 0, व्हीसीआय 35’ भरलेलं आठवतंय? व्हीपीआय हा वाटेचा आकडा, व्हीसीआय त्या वाटेतल्या एका जोडणीचा; दोन्ही मिळून 0/35 असे लिहू. ते आकडे काय करतात ते पेन्सिल घेऊन पाहू.

कागदावर तीन चौकोन काढा आणि ओळीनं रेघांनी जोडा : सांगली, कराड, सातारा. हे तीन स्विच, म्हणजे आलेला सेल पुढच्या तारेवर ढकलणारी यंत्रं. (जाळं काल्पनिक आहे, कारभार खरा.)

आधी वाट बांधा. सांगलीच्या स्विचला जोडलेलं यंत्र 0/5 या राखीव वाटेनं कॉल जोडायची मागणी पाठवतं. साताऱ्याकडच्या यंत्राचा 20 बाइटचा पूर्ण पत्ता त्या मागणीतच असतो. तो वाचून प्रत्येक स्विच पुढचा पोर्ट (तार जोडायचं तोंड) ठरवतो आणि आपल्या तक्त्यात एक ओळ लिहितो. मॉडेममधलं 0/35 मात्र आधीच हातानं भरून ठेवलेल्या कायमच्या वाटेचं.

आता ओळी लिहा (बाणाच्या आधी सेल येतो तो पोर्ट आणि आकडा, नंतर जातो तो) :
सांगली : पोर्ट 1, 0/40 → पोर्ट 3, 2/71
कराड : पोर्ट 2, 2/71 → पोर्ट 4, 5/40
सातारा : पोर्ट 1, 5/40 → पोर्ट 6, 0/33

व्हीसीआय 40 दोन वेगळ्या तारांवर आलाय (0/40 आणि 5/40), तो मुद्दाम. त्या दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. गडबड होते ती इथेच : लोक या आकड्याला मुक्कामाचा पत्ता समजतात. हळदीच्या पोत्यावर प्रत्येक गोदामानं आधीचा नंबर पुसून आपला टाकावा, तसा हा प्रकार. आकडा फक्त दोन शेजाऱ्यांपुरता. व्हीसीआय मात्र 32 पासून पुढचेच घ्या, खालचे राखीव असतात.

मग सेल सोडा : 53 बाइट, त्यातले 5 हेडरचे, 48 मालाचे. स्विच पोर्ट आणि आकडा बघतो, ओळ शोधतो, नवा आकडा लिहितो. हेडर बदललं म्हणून त्याची तपासणीची बेरीजही नव्यानं मांडतो. मालाला हात लावत नाही.

1500 बाइटचं पॅकेट पाठवायचं तर शेवटी 8 बाइटचं शेपूट जोडून 32 सेल होतात, म्हणजे तारेवर 1696 बाइट. मला हा खर्च जास्तच वाटतो. पण सगळे सेल एकाच वाटेनं, रांगेत जातात. त्यामुळे क्रमांक लावावे लागत नाहीत, शेवटच्या सेलवर एका बिटाची खूण पुरते.

आता कराड–सातारा रेघ खोडा. तिच्यावरच्या ओळी बाद. दुसरी वाट काढायची तर कॉल पुन्हा जोडा, तो 20 बाइटचा पत्ता पुन्हा बाहेर काढा.