स्लॅबच्या दिवशी क्यूब भरताना

सांगलीच्या एका लॅबमध्ये मी काँक्रीटचे क्यूब, म्हणजे स्लॅबच्याच मालाचे ताकद तपासायला भरलेले चौकोनी ठोकळे, फोडतो. मशीनवर एका क्यूबला दीड मिनिट लागतं. घोळ झालेला असतो तो २८ दिवस आधी, साइटवर. म्हणून आधी भरण्याचं सांगतो.

१५० मिलिमीटरचे तीन साचे घ्या, बोल्ट आवळा, आतून तेलाचा पातळ हात फिरवा. माल मिक्सर ओतताना मधला घ्या. गवंडी कौतुकानं ज्यादा सिमेंटचं वेगळं घमेलं कालवून देतो, ते नको. आकडा झकास येईल, पण तो माल तुमच्या स्लॅबात कुठाय?

तीन थरांत भरा. दर थराला १६ मिलिमीटरच्या सळईचे ३५ ठोसे, कोपऱ्यांतसुद्धा. कोपऱ्यात पोकळी राहिली की क्यूब तिथूनच तुटतो. वरून थापीनं सपाट करून ओलं पोतं टाका आणि २४ तास हात लावू नका. नवीन असताना मी तासगावहून संध्याकाळी भरलेले साचे रात्रीच टेम्पोत घालून आणले. सकाळी खोलले तर तिन्हींवर केसाएवढ्या भेगा! साहेब काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. तेच जास्त लागलं.

साच्यातून काढले की लगेच पाण्यात, २८ दिवसांनी फोडेपर्यंत. पाणी २७ अंशांच्या आसपास हवं, म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात टाकी सावलीतच ठेवा.

फोडताना क्यूब ओलाच असावा, फक्त वरचं पाणी पुसायचं. थापी फिरवलेली बाजू खडबडीत असते, ती कडेला ठेवून गुळगुळीत बाजू मशीनच्या वरच्या-खालच्या प्लेटांना लावायच्या. भार मिनिटाला ३१५ किलोन्यूटनच्या वेगानं चढवायचा. घाईनं चढवला तर आकडा फुगतो. काटा अडखळून मागे फिरला की संपलं. चारी बाजू सुटून मधे डमरू उरला तर क्यूब नीट फुटला. एकच बाजू ढासळली तर तो तिरका बसला होता, असं मी धरतो.

समजा ४९५ किलोन्यूटनला फुटला. ४,९५,००० न्यूटनला क्यूबच्या एका बाजूच्या २२,५०० चौरस मिलिमीटरनं भागा, २२ आले. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला २० लागतात. तिघांची सरासरी काढा. एखादा तिच्यापासून १५ टक्क्यांहून जास्त लांब गेला तर तो संचच बाद.

आणि क्यूबवर तारीख ऑइलपेंटनं घाला. खडूची टाकीत धुऊन जाते, मग मालक टाकीत वाकून मलाच विचारतात, “यातले आमचे कुठले हो?”