मरू उद्यान आणि आजूबाजूची भटकंती: खानदेशातून जाणाऱ्यांनी आखणी कशी करावी

जैसलमेरला निघालेल्यांकडे ठिकाणांची यादी बहुधा तयार असते: सम (वाळूच्या टेकड्यांचं ठिकाण), कुलधरा, तनोट, लोंगेवाला, पोखरण. यादीत चूक काही नाही, पण ही ठिकाणं शहराच्या चारही बाजूंना विखुरलेली आहेत. यादीच्या क्रमाने फिरलं की दिवसाचा निम्मा वेळ आल्या रस्त्याने परत जाण्यात संपतो. म्हणून मुक्काम जैसलमेरला ठेवा आणि एका दिवसाला एकच दिशा द्या.

आधी तारखा, मग तिकीट

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात भाजून निघालेल्यांना उन्हाचं काय मोठं, असं वाटतं; फसगत होते ती थंडीने. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा ५ अंशांपर्यंत, कधी त्याखालीही उतरतो, आणि वाळूवरच्या तंबूत गारठा जास्तच बोचतो. कानटोपी, स्वेटर आणि पायमोजे लागतातच. दिवाळी ते लाभपंचमीचे दिवस टाळा. गुजरातची सुट्टी तेव्हाच असते, समला पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे दर चढलेले असतात. माघी पौर्णिमेच्या सुमारास मरू महोत्सव असतो, तेव्हाही खोली आधीच धरून ठेवावी लागते.

जायचं ताप्ती लाइनने: भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार करत सुरत, मग अहमदाबाद. तिथून जोधपूर आणि पुढे जैसलमेर. धुळेकरांनी दोंडाईचा किंवा नंदुरबार गाठावं. अहमदाबादला गाडी बदलताना मध्ये किमान चार तास हाताशी ठेवा. एक गाडी लेट झाली की पुढचं सगळं आरक्षण वाया जातं. एका बाजूच्या प्रवासाला दीड दिवस धरा, म्हणजे आठ दिवसांच्या रजेत फिरायला पाच उरतात.

उद्यानाची सकाळ आधी पक्की करा

राष्ट्रीय मरू उद्यान जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटर पसरलं आहे. समच्या टेकड्यांवर जीपने उड्या मारल्या म्हणजे उद्यान पाहिलं, असा अनेकांचा समज असतो. ती वाळू उद्यानाचा लहानसा भाग. बाकी बराच प्रदेश सेवण गवताचा आणि खडकाळ माळाचा आहे. माळढोक पक्षी, ज्याला तिथे गोडावण म्हणतात, दिसला तर या गवतातच दिसतो. त्यासाठी सुदासरीचा भाग गाठावा लागतो. परवान्याची चौकशी वन विभागाच्या जैसलमेरच्या कार्यालयात आदल्या दिवशीच करा. तंबूवाल्याची 'सफारी' वेगळी आणि उद्यानाचा प्रवेश वेगळा, हे पैसे देण्याआधी स्पष्ट विचारून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत तिथे सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो, आपल्याकडच्यापेक्षा पंचवीस-तीस मिनिटं उशिरा. त्या हिशेबाने उजाडताना माळावर असा. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि दुर्बिणीतून काही धड दिसत नाही. ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. माळढोक नाही दिसला तरी चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडं दिसण्याची बरीच शक्यता असते. खाकी किंवा मातकट कपडे घाला, गाडीतून उतरू नका, ड्रोन तर घरीच ठेवा.

पश्चिम आणि दक्षिण

उद्यानाच्या आदल्या दिवशी पश्चिमेचा रस्ता घ्या. सकाळी लोद्रवा (साधारण १५ किमी): जैसलमेर ११५६ मध्ये वसण्याआधीची भाटी राजपुतांची राजधानी, आता तिथलं जैन मंदिर पाहण्यासारखं. मग कुलधरा, पालीवाल ब्राह्मणांचं ओस गाव. भुताच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यापेक्षा गल्ल्यांची सरळ आखणी आणि घरांची दगडी बांधणी बघा. दुपारनंतर सम, शहरापासून ४० किमी. तिथेच राहिलात तर पहाटे सुदासरी जवळ पडतं.

उद्यानातून परतल्यावर दुपार रिकामी असते. बाडमेर रस्त्यावर १७ किमीवर आकल आहे, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगड झालेली खोडं. जाळीखाली पडलेली ही खोडं जवळून पाहिली की सालीच्या रेषा ओळखू येतात. तासाभरात होतं. तिथला खडाही उचलायचा नाही.

उत्तर: हा दिवस मोकळाच हवा

जैसलमेर, रामगढ, तनोट, लोंगेवाला आणि परत ही फेरी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास जाते. सकाळी सातला निघा. बडा बागच्या छत्र्या (राजघराण्याची दगडी स्मारकं) वाटेत आहेत, पण त्या परतताना पाहू म्हणाल तर अंधार होतो. रामगढला टाकी भरून घ्या. पुढे पंपाच्या भरवशावर राहू नका. तनोटचं मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं आणि १९६५ च्या युद्धात न फुटलेले तोफगोळे तिथे मांडून ठेवले आहेत. लोंगेवाला डिसेंबर १९७१ च्या लढाईचं ठिकाण. तनोटच्या पुढे सीमेपर्यंत जायचं असेल तर वेगळी परवानगी लागते. आधारची मूळ प्रत प्रत्येकाकडे हवी, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. नेटवर्क मध्येच जातं, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

तनोट करून संध्याकाळी समचा सूर्यास्त, असा बेत गाडीवाले सुचवतात. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे ती निव्वळ धावपळ होते. शिवाय अंधारात रस्त्यावर उंट आणि मेंढ्यांचे कळप असतात.

गाडी आणि खाणं

भाड्याची गाडी ठरवताना दर किलोमीटरने की दिवसाने, रात्रीचा मुक्काम, चालकाचा भत्ता, टोल हे सगळं लिहून घ्या. स्वतःची गाडी वाळूत घालू नका. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खोल जातं. चाकापुढची वाळू हाताने काढा, खाली पायपुसणी घाला, टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा आणि हळूच बाहेर काढा. डांबरीवर येताच हवा पुन्हा भरा; कमी हवेवर वेगाने पळवलेला टायर तापून फुटतो.

माणशी रोज तीन-चार लिटर पाणी गाडीत ठेवा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, तनोटच्या वाटेवर ती उपयोगी पडते. जैसलमेरात केर-सांगरी (वाळवंटी फळं आणि शेंगांची भाजी) आणि बाजरीची रोटी जरूर खा.

पूर्वेची ठिकाणं परतीत

पोखरण आणि रामदेवरासाठी (बाबा रामदेवांचं समाधिस्थान) वेगळा दिवस खर्चू नका, ती जोधपूरच्या वाटेवरच येतात. पोखरण जैसलमेरपासून ११० किमी, रामदेवरा तिथून १२ किमी. त्याच बाजूला पुढे फलोदीजवळ खीचन आहे, जिथे हिवाळ्यात कुरजांचे, म्हणजे करकोच्यांचे थवे चुग्ग्यावर, म्हणजे त्यांच्यासाठी टाकलेल्या दाण्यांवर उतरतात. दाणे टिपायला ते सकाळीच येतात, म्हणून फलोदीला रात्र काढा आणि उजाडताच खीचनला पोचा. जोधपूरहून परतीची रेल्वे त्याच दिवशी रात्रीची घ्या, दुपारची नको.