नाव एकच, सातबारा वेगळा: कॉमन लिस्पमध्ये मॅक्रो आणि पॅकेज अडतात तिथे

नाशिकमध्ये बसून कॉमन लिस्प ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्याला विचारायला माणूस सहज मिळत नाही. कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत शेजारचा जावा नाहीतर पायथन करत असतो. त्यामुळे एकट्याने अडकायला होतं, आणि जिथे अडकतात ती जागा बहुतेकांची एकच असते. एसबीसीएल (कॉमन लिस्पचा कंपायलर), एमॅक्स (एडिटर) आणि स्लाइम (दोघांना जोडणारं साधन) बसवून झालंय, डेफमॅक्रो (मॅक्रो, म्हणजे कोड तयार करणारा कोड, लिहिण्याची सोय) आणि बॅकक्वोट (त्या कोडचा साचा) येतं, असं धरून लिहितोय.

ती जागा म्हणजे सिम्बॉल (कोडमधलं नाव) कुठल्या पॅकेजचा (नावांच्या कप्प्याचा) हे ठरण्याची वेळ. ते मॅक्रो चालताना ठरत नाही, त्याच्या आधी, रीडर (कोडचा मजकूर वाचणारा लिस्पचा भाग) मजकूर वाचतो तेव्हाच ठरतं. त्या क्षणी चालू असलेल्या पॅकेजात सिम्बॉल नोंदवला जातो. मॅक्रोच्या हातात येतो तो आधीच नोंदवलेला सिम्बॉल. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात एकाच नावाचे दोन शेतकरी माल घेऊन आले तर नाव एकच, पण सातबारा वेगळा. सिम्बॉलचंही तसंच आहे.

हे अगदी जवळून बघा. नावं देवनागरीत ठेवतो, एसबीसीएलला युनिकोड नावं चालतात. दरपत्रक नावाच्या पॅकेजात बोली हा मॅक्रो आहे आणि तो असा वापरायचा:

(बोली कांदा पासून किमान पर्यंत कमाल)

दुसऱ्या जागेवर पासून आहे का, हे मॅक्रो ईक्यूने (दोन्ही एकच सिम्बॉल आहेत का हे बघणाऱ्या तुलनेने) तपासतो. दरपत्रकातच लिहिलेल्या सगळ्या चाचण्या पास होतात. मग लिलाव या दुसऱ्या पॅकेजातून बोली आयात करून तीच ओळ लिहिली की मॅक्रो म्हणतो, पासून सापडलं नाही. कारण लिलावच्या फाइलमधला पासून हा लिलावचा सिम्बॉल आहे आणि मॅक्रोच्या आतला दरपत्रकचा. ईक्यूच्या लेखी ते दोन वेगळे. केसने तुलना केली तरी तेच, कारण केस आतून ईक्यूएल वापरतं, आणि सिम्बॉलसाठी ते ईक्यूसारखंच.

यात सर्वात जास्त वेळ खातो तो एरर संदेश. फॉरमॅट या छापण्याच्या फंक्शनमध्ये टिल्डे-ए (~A) लिहिलं असेल तर पॅकेजचं नाव छापलं जात नाही, आणि स्क्रीनवर येतं: ‘पासून हवं होतं, पासून मिळालं.’ माणूस तासभर स्पेलिंग तपासत बसतो. मॅक्रोतल्या प्रत्येक एररमध्ये टिल्डे-एस (~S) लिहा, मग दरपत्रक::पासून असं पूर्ण नाव दिसतं. विस्तार (मॅक्रोतून तयार झालेला कोड) बघताना चालू पॅकेज सांगणारं पॅकेज व्हेरिएबल तात्पुरतं कीवर्ड पॅकेजला बांधून छापा. प्रत्येक सिम्बॉलपुढे त्याचं पॅकेज येतं आणि सातबारा कुणाचा ते लगेच कळतं. एकाच सिम्बॉलबद्दल शंका असेल तर सिम्बॉल-पॅकेज किंवा डिस्क्राइब पुरतं.

उपाय तीन आहेत. पासून एक्स्पोर्ट करणं (दुसऱ्या पॅकेजांसाठी खुलं करणं) हा सर्वात वाईट, कारण वापरणाऱ्याच्या पॅकेजात नको ती नावं घुसतात. स्ट्रिंग= ने फक्त नावाची तुलना करणं चालतं; भाषेतला लूप मॅक्रो स्वतःचे शब्द असेच ओळखतो, म्हणून तो कुठल्याही पॅकेजात चालतो. पण नव्याने लिहीत असाल तर कीवर्ड (पुढे कोलन असलेले सिम्बॉल) वापरा, :पासून आणि :पर्यंत. सगळे कीवर्ड एकाच पॅकेजात राहतात, प्रश्नच मिटतो.

याची उलटी बाजू दिलासा देणारी आहे. बॅकक्वोटच्या आत लिहिलेली मदतनीस फंक्शन्स मॅक्रोच्याच पॅकेजात वाचली जातात, म्हणून विस्तार लिलावमध्ये झाला तरी ती बरोबर सापडतात. ती एक्स्पोर्ट करायची गरज नाही. मॅक्रोत इंटर्न (स्ट्रिंगवरून सिम्बॉल नोंदवणारं फंक्शन) वापरून नाव तयार करत असाल तर मात्र सावध राहा. दुसरं आर्ग्युमेंट दिलं नाही तर ते त्या वेळच्या चालू पॅकेजात नोंदवलं जातं. शिवाय रीडर रोमन अक्षरं कॅपिटलमध्ये बदलतो, इंटर्न बदलत नाही. छोट्या अक्षरांची स्ट्रिंग दिली तर वेगळाच सिम्बॉल तयार होतो.

इंटरफेसमध्ये हाच सापळा वेशांतर करून येतो. दरपत्रकात हिशेब नावाचं जेनेरिक फंक्शन आहे, म्हणजे प्रत्येक क्लाससाठी वेगळी मेथड लिहिता येते असं फंक्शन. लिलावमध्ये तुम्ही अडत्या क्लाससाठी हिशेबची मेथड लिहिली, पण हिशेब आयात केलं नाही. कॉमन लिस्प थांबत नाही. लिलाव::हिशेब नावाचं नवं जेनेरिक फंक्शन तयार होतं, आणि दरपत्रकाने स्वतःचं हिशेब बोलावलं की लागू होणारी मेथड नाही असा एरर येतो. मेथड तर समोर लिहिलेली दिसते! एसबीसीएलने सांगितलेलं असतं की नवं जेनेरिक फंक्शन आपोआप तयार होतंय, पण ती स्टाइल-वॉर्निंग कुणी वाचत नाही. वाचा. स्लॉटची (क्लासमधल्या माहितीच्या खणांची) नावंही सिम्बॉलच असतात, म्हणून दुसऱ्या पॅकेजातून स्लॉट-व्हॅल्यू घेताना स्लॉट नाही असं येतं. क्लास एक्स्पोर्ट केला म्हणजे अॅक्सेसर (स्लॉट वाचणारी-बदलणारी फंक्शन्स) एक्स्पोर्ट झाले असं होत नाही, ते वेगळे लिहावे लागतात.

मग कुणीतरी सांगतं, एक्स्पोर्ट नसलेल्या नावापुढे पॅकेजचं नाव आणि दोन कोलन लाव, चालेल. या शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. दरपत्रक::हिशेव असं चुकून लिहिलं तर रीडर तक्रार करत नाही, तो सिम्बॉल दरपत्रकात नव्याने नोंदवून मोकळा होतो. एका कोलनने, जो फक्त एक्स्पोर्ट केलेली नावं घेतो, लगेच एरर आला असता, आणि तो एरर तुमच्या फायद्याचा असतो. आरईपीएलमध्ये (कोड टाइप करून लगेच चालवून बघायच्या जागेत) डोकावण्यापुरते दोन कोलन ठीक, फाइलमध्ये नकोत. शिकवणारा माणूस शोधत असाल तर कोड न बघताच दुरुस्ती सांगणाऱ्यापेक्षा ‘आधी मॅक्रोएक्स्पांड-१ चा (मॅक्रोचा विस्तार दाखवणाऱ्या फंक्शनचा) निकाल दाखव’ म्हणणारा धरा. स्लाइममध्ये फॉर्मवर कर्सर ठेवून कंट्रोल-सी कंट्रोल-एम, इतकंच काम आहे.

आरईपीएलमध्ये पॅकेज वापरात घेण्याआधीच (बोली ...) टाइप केलं, तर बोली हा सिम्बॉल तिथे नोंदवला गेलेला असतो. नंतर यूज-पॅकेज केलं की नावांचा संघर्ष झाल्याचा एरर येतो. घाबरू नका, काही मोडलेलं नाही. जुना सिम्बॉल अनइंटर्न करा (त्याची नोंद काढा) आणि पुन्हा यूज-पॅकेज करा. आधी कंपाइल झालेली फंक्शन्स मात्र जुनाच सिम्बॉल धरून बसतात, ती परत कंपाइल करा.

कॉमन-लिस्प पॅकेजात १९९४च्या मानकाप्रमाणे ९७८ नावं आहेत. त्यातल्या एखाद्याची नव्याने व्याख्या करायला गेलात तर एसबीसीएल पॅकेज लॉकचा (पॅकेजमधली नावं बदलू न देणाऱ्या कुलपाचा) एरर देतो. नाव बदला, लॉक उघडू नका.

राहिला बिल्ड. मॅक्रो चालताना लागणारं फंक्शन त्याच फाइलमध्ये असेल, तर ते इव्हॅल-व्हेनमध्ये (कोड कधी चालावा हे सांगणाऱ्या रचनेत) कंपाइल, लोड आणि एक्झिक्यूट या तिन्ही वेळा देऊन गुंडाळा, नाहीतर वेगळ्या फाइलमध्ये आधी लोड करा. आरईपीएलमध्ये ते आधीच लोड असल्यामुळे चूक लपते. आणि मॅक्रो बदलला पण एएसडीएफ या बिल्ड साधनाच्या डिपेंड्स-ऑनमध्ये ती फाइल लिहिलेली नाही, तर वापरणाऱ्या फाइल्स जुन्याच विस्तारावर चालत राहतात. लोड-सिस्टीमला :फोर्स टी (सगळं पुन्हा कंपाइल कर) द्या. कोड कुणाला पाठवण्याआधी एसबीसीएल पूर्ण बंद करून नव्याने उघडा आणि :फोर्स टी देऊनच लोड करा, म्हणजे जुन्या फास्ल (आधी कंपाइल करून साठवलेल्या) फाइल्स मध्ये येणार नाहीत.