कोय वाळू देऊ नका: पुण्यात घरी फळझाडांची रोपे करण्यासाठी सल्ला (मे अखेर ते ऑगस्ट)

आमरसाच्या कोया गच्चीत उन्हात वाळवायच्या आणि पाऊस लागला की पेरायच्या, असा बेत असेल तर तो आजच बदला. मिरची-टोमॅटोचे बी कोरडे केले की टिकते. आंबा, फणस, जांभूळ, कोकम, अ‍ॅव्होकॅडो यांच्या बिया याच्या उलट वागतात. त्यांच्या आत भरपूर पाणी असते आणि ते ठरावीक पातळीखाली गेले की गर्भ मरतो. वरून बी धडधाकट दिसते, पण पेरल्यावर कुजण्यापलीकडे त्याचे काही होत नाही. फ्रिजमध्ये ठेवूनही उपयोग नाही, कारण यांतल्या बहुतेक बियांना थंडी सोसत नाही. उगवण झाली नाही म्हणून माणसे माती बदलतात, खत बदलतात. बी मात्र पिशवीत जाण्याआधीच मेलेले असते.

आंब्याची कोय ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) सावलीत ठेवली तर साधारण महिनाभर जिवंत राहते, तरी फळ खाल्ल्यापासून आठवड्याच्या आत पेरलेली सर्वांत चांगली. जांभळाच्या बीला जेमतेम दोन आठवडे मिळतात. फणसाची आठळी धुऊन लगेच लावावी. पपई, सीताफळ आणि पेरू यांचे बी मात्र सावलीत सुकवून काही महिने ठेवता येते. म्हणून या हंगामात आधी आंबा, फणस, जांभूळ हातावेगळे करा. बाकीच्यांना सवड आहे.

पुण्यात ही कामे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत उरकावीत. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस येतो, हवेत ओल राहते आणि रात्रीही उबदार असतात, म्हणून उगवण जोरात होते. जुलैच्या मध्यापर्यंत पेरलेल्या रोपाला डिसेंबरच्या थंडीआधी वाढायला चार-साडेचार महिने मिळतात. सप्टेंबरमध्ये पेरलेले रोप दोन-चार पानांवरच थंडीत सापडते आणि फेब्रुवारीपर्यंत जागचे हलत नाही.

माती आणि पिशवी

नुसती काळी माती पिशवीत भरू नका. ओली झाली की ती मुळांचा श्वास कोंडते, सुकली की भेगाळून कोवळी मुळे तोडते. पुण्याच्या आसपासच्या काळ्या मातीत चुनखडीही बऱ्याचदा असते आणि तिच्यामुळे लिंबू-पेरूच्या रोपांची पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि अर्धा भाग जाड वाळू असे मिश्रण करा. नदीची वाळू आता सहज मिळत नाही. क्रश सँड चालते, पण ती आधी पाण्यात खळबळून तिच्यातली बारीक भुकटी काढून टाका. ही भुकटी तळाशी बसते आणि निचऱ्याची वाट बंद करते. कोकोपीटची वीट भिजवून, पिळून, ते पाणी फेकून द्या आणि हे दोन-तीनदा करा, कारण तिच्यात क्षार असतात. शेणखत हाताने पसरून पाहा. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर ती हुमणी आहे. ते खत रोपांना अजिबात वापरू नका. एका घमेलाभर मिश्रणात साधारण ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) पावडर कालवून, ओलसर करून, आठवडाभर सावलीत झाकून ठेवली तर पुढची बरीच मर टळते.

पिशवीची खोली महत्त्वाची. आंब्याला ६×९ इंचाची काळी पिशवी पुरते. फणस आणि अ‍ॅव्होकॅडोचे सोटमूळ सरळ खाली धावते, त्यांना १० ते १२ इंच खोल पिशवी लागते. उथळ कुंडीत मूळ तळाशी वेटोळे घालते आणि ते वेटोळे पुढे जमिनीत लावल्यावरही सुटत नाही. झाड तीन-चार वर्षांनी वाऱ्यात कलते, त्याचे कारण बहुधा तिथेच असते. लिंबू आणि पपईला अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या धुऊन, तळाला आणि बाजूंना आठ-दहा भोके पाडून वापरल्या तरी चालते.

आंबा

कोयीवरचा गर ब्रशने घासून काढा आणि कोया बादलीभर पाण्यात टाका. तरंगतील त्या बाजूला करा, बुडतील त्या घ्या. एक दिवस सावलीत ठेवल्या की वरचे कवच हाताला धरता येते. मग छाटणीच्या कात्रीने कोयीची कड जेमतेम कापून कवच उघडा. कात्री खोल घातली तर आतला दळ कापला जातो. दळ घट्ट आणि पांढरट-हिरवट असेल तर उत्तम. तपकिरी, सुरकुतलेला असेल तर गेलेला. दळात पोखरून काळी भुकटी झालेली दिसली तर तो कोयीतला सोंडकिडा. अशी कोय कुंडीजवळ टाकू नका, जाळून टाका, नाहीतर भुंगे बाहेर पडून पुढच्या मोहोराच्या वेळी झाडांवर जातात.

दळाची फुगीर कड वर आणि आत वळलेली कड खाली ठेवून पेरा, वर बोटाच्या एका पेराहून जास्त माती नको. उलटी पेरली तर अंकुर वळसा घेऊन वर येतो आणि रोपाच्या बुंध्याला कायमचा बाक राहतो. असा वाकडा बुंधा कलमालाही नको असतो. कवच काढलेली कोय दोन-तीन आठवड्यांत उगवते, कवचासह पेरलेली त्याहून बरीच उशिरा.

हापूस, केशर, पायरी यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून तयार झालेला असतो. म्हणून हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही. जे येते ते नवे झाड. त्याचे फळ आंबट, रेषाळ किंवा क्वचित उत्तमही निघेल, पण ते कळायला सहा ते दहा वर्षे जातात. घरापुढे एकच झाड लावण्याइतकी जागा असेल तर एवढा जुगार खेळू नये. त्या कोयीचे रोप खुंट (ज्यावर कलम बांधतात ते खालचे रोप) म्हणून वापरा आणि त्यावर कोय कलम करा.

कोय कलमाची पद्धत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने रूढ केली. जून ते ऑगस्ट हा तिचा काळ. अंकुर वर येऊन आठ ते पंधरा दिवस झाले आणि पाने अजून तांबूस आहेत, तेवढ्यातच ते करायचे. पाने हिरवी झाली की यश घटते. काडी, म्हणजे हव्या त्या जातीच्या झाडाची कलमासाठीची कोवळी फांदी, तीन-चार महिने वयाची, टोकाचा डोळा फुगलेला पण फुटलेला नाही अशी, १० ते १५ सेंटीमीटर लांब आणि रोपाच्या जाडीची हवी. झाडावर असतानाच आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून कापा. काडी गावाकडून आणायची असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिक पिशवीत घाला आणि दोन दिवसांत वापरा. रोप कोयीपासून ६ ते ८ सेंटीमीटरवर आडवे छाटा, मधोमध ३ ते ४ सेंटीमीटर चीर द्या, काडीला तेवढीच पाचर करा आणि निदान एका बाजूची साल सालीला भिडवून प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधा. वरून लांबट पारदर्शक पिशवीची टोपी घाला. बर्फाच्या पेप्सीची रिकामी पिशवी यासाठी अगदी मापाची असते. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. पान उलगडू लागले की संध्याकाळच्या वेळी टोपी काढा. पुण्याच्या पठारावर काडी केशरची घ्यावी. हापूस समुद्रकाठी जसा खुलतो तसा इथे भरवशाने येत नाही.

फणस आणि जांभूळ

आठळीवरचा बुळबुळीत थर राखेने चोळून धुवा, रात्रभर भिजवा आणि आडवी, दोन-तीन सेंटीमीटर खोल पेरा. उगवायला तीन ते आठ आठवडे लागतात, मध्येच उकरून पाहू नका. उंदीर आणि खारी आठळ्या हमखास काढून नेतात, पिशव्यांवर बारीक तारेची जाळी टाका. काप्या फणसाची आठळी लावली तरी झाड बरका निघू शकते. जांभळाच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन अंकुर येतात, त्यांतला जोमदार ठेवून बाकीचे कात्रीने कापा. फणस आणि जांभूळ ही दोन्ही मोठी झाडे. सोसायटीच्या भिंतीपासून आणि ड्रेनेजच्या पाइपपासून वीस फूट जागा नसेल तर रोपे गावाकडे किंवा शेताच्या बांधावर पाठवण्यासाठीच करा.

पपई

घरी सर्वांत लवकर फळ देणारे आणि सर्वांत जास्त रोपे मरणारे हेच पीक. बीभोवतीच्या पारदर्शक पिशवीत उगवण रोखणारे घटक असतात. बी गाळणीत घेऊन वाळूबरोबर चोळा, ती पिशवी फुटून निघेपर्यंत धुवा, पाण्यावर तरंगणाऱ्या बिया टाका आणि उरलेल्या एक-दोन दिवस सावलीत सुकवा. प्रत्येक पिशवीत दोन-तीन बिया, एक सेंटीमीटर खोल. दोन ते तीन आठवड्यांत रोपे दिसतात.

फळ कोणते घेता याने पुढे फरक पडतो. लांबट फळ उभयलिंगी झाडाचे असते. जवळपास नर झाड नसेल तर त्याच्या बियांतून नर झाडे निघत नाहीत, सुमारे दोन तृतीयांश उभयलिंगी आणि एक तृतीयांश मादी निघतात. गोल फळ मादी झाडाचे. त्याला नर झाडाचे पराग मिळाले असतील तर निम्मी रोपे नर होतात. बाजारातली रेड लेडी संकरित आहे, तिच्या बियांची झाडे आईसारखी एकसारखी येत नाहीत, चव आणि आकार बदलतो. घरच्यापुरते हे चालून जाते. शेतात लावायची असेल तर दरवेळी नवे बियाणे घ्यावे. जागेवर तीन रोपे एकत्र लावा. चार ते सहा महिन्यांत फुले आली की लांब लोंबत्या दांडीवर घोसाने फुले असलेले नर झाड ओळखून काढा.

रोपे मरतात ती बहुतेक जमिनीलगत. खोडाचा भाग पाणीदार, बारीक होतो आणि वरची पाने हिरवी असतानाच रोप आडवे पडते. दाट पेरणी, सतत चिंब माती आणि कोंदट कोपरा यांमुळे ही बुरशी वाढते. पिशव्या विटांवर उचलून ठेवा, पावसाच्या थेट माऱ्याखाली ठेवू नका, वरचा थर सुकलेला दिसल्यावरच पाणी द्या. एक रोप पडले की त्याच दिवशी बाकीच्यांना प्रति लिटर २.५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची आळवणी करा, म्हणजे ते द्रावण मुळाशी ओता. ट्रायकोडर्मा दिलेला असेल तर या औषधाने त्याचे नुकसान होऊ शकते. पुन्हा द्यायचा झाल्यास दहा-पंधरा दिवस थांबा. जमिनीत लावल्यावरही पपईच्या बुंध्याशी एक-दोन दिवस पाणी साचले तरी झाड हातचे जाते, त्यामुळे ती उंचवट्यावर लावा. रिंग स्पॉट विषाणू बियांतून येत नाही, मावा आणतो. रोपाजवळ काकडी-भोपळ्याचे वेल नकोत.

लिंबू आणि सीताफळ

आंब्याला जे लागू नाही ते कागदी लिंबाला लागू आहे. त्याच्या एका बीत अनेक गर्भ असतात आणि त्यांतले बहुतेक आईच्याच पेशींपासून बनतात, त्यामुळे बियांपासूनची झाडे मूळ झाडासारखीच येतात. महाराष्ट्रात कागदी लिंबाच्या बागा रोपांवरच उभ्या आहेत. झाडावर पिवळे झालेले, भरपूर रसाचे फळ घ्या, बी राखेने चोळून धुवा, सावलीत पुसून कोरडे करा आणि आठवड्याभरात पेरा. उगवलेल्यांपैकी बाकीच्यांहून वेगळ्या पानाचे, खुरटे रोप काढून टाका. पावसाळ्यात पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला तर ती फुलपाखराची अळी आहे, हाताने वेचा. एक अळी दोन दिवसांत लहान रोप निष्पर्ण करते. पानांवर खडबडीत, पिवळ्या वलयाचे तपकिरी ठिपके आले तर तो खैऱ्या, ते रोप वेगळे काढा.

सीताफळाचे ताजे बी आता सहसा मिळणार नाही. पुरंदरची फळे बाजारात भरपूर येतील तेव्हा बी धुऊन, सावलीत सुकवून कागदी पाकिटात ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये चोवीस तास भिजवून पेरा. मागच्या हंगामाचे बी ठेवले असेल तर तेच आता वापरा. कवच कठीण असल्याने चार ते सहा आठवडे धीर धरावा लागतो. बी ठेचू नका. त्याची भुकटी डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते, मुलांपासून दूर ठेवा. एनएमके-१ सारख्या निवडक जातीच्या बियांपासून तीच जात मिळण्याची खात्री नसते.

जे पुण्यात करू नये

मँगोस्टीन आणि रामबुतान उगवतात, पण मार्च-एप्रिलच्या दुपारच्या कोरड्या हवेत त्यांच्या पानांच्या कडा करपतात आणि रोप वर्षागणिक खचत जाते. सावली आणि रोजच्या फवाऱ्यानेही ते फार काळ तगत नाही. कोकमाची बी रुजते, मात्र सुमारे निम्मी झाडे नर निघतात. कोकम हवेच असेल तर कोकण अमृता किंवा कोकण हातीसचे कलम आणा. अ‍ॅव्होकॅडोचे करून पाहायला हरकत नाही. बीवरचे तपकिरी साल सोलून, टोकदार बाजू वर ठेवून, एक तृतीयांश भाग मातीबाहेर राहील असे लावा. त्याला साचलेले पाणी आणि बोअरचे खारे पाणी दोन्ही चालत नाही. पानांची टोके जळू लागली आणि मातीवर पांढरा थर दिसला तर पिशवीतून भरपूर गोडे पाणी वाहू द्या. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांनी पावसाचे पाणी पिंपात धरून ठेवलेले बरे.

पुढे

उगवलेली रोपे ५० टक्के हिरव्या शेडनेटखाली ठेवा आणि सप्टेंबरपासून हळूहळू उन्हात आणा. आंब्याच्या कोवळ्या पानांवर काळे ठिपके आले तर तो करपा. पाने खुडून प्रति लिटर १ ग्रॅम कार्बेन्डाझिम फवारा. गोगलगायी रात्री बॅटरीने वेचा. डिसेंबर-जानेवारीत वाढ थांबते, तेव्हा खत देऊ नका आणि पाणी निम्म्यावर आणा, नाहीतर थंड ओल्या मातीत मुळे कुजतात. फेब्रुवारीत नवी पालवी फुटली की प्रत्येक पिशवीला मूठभर गांडूळखत द्या.

पपई सहा-आठ आठवड्यांत वीतभर झाली की लगेच लावा. बाकीची रोपे पुढच्या जूनपर्यंत पिशवीत वाढवा, मुळे तळातून बाहेर येऊ लागली तर आधीच मोठी पिशवी द्या. आंब्यासाठी तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा मेमध्ये खणून उन्हाने तापू द्या आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावा. कलमाचा सांधा मातीच्या वरच राहिला पाहिजे आणि सांध्याखालून फुटणारा प्रत्येक कोंब दिसताक्षणी मोडला पाहिजे, नाहीतर खुंटच वाढतो आणि केशरची काडी मागे पडते.