मूळ कॉमिक पान: पारख आणि जपणूक

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणी कॉमिकचं ‘मूळ’ पान, म्हणजे छपाईआधी चित्रकारानं हातानं काढलेलं पान, दाखवलं, की मी ते आधी उजेडात तिरकं धरतो. शाईचा उंचवटा, पांढऱ्या रंगाची दुरुस्ती, फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेषा, चिकटवलेली अक्षरं अशा हातकामाच्या खुणा शोधा. भिंगाखाली रंग ठिपक्यांत फुटले, तर ती छपाई.

अमेरिकन पान असेल तर मापही घ्या: १९६७च्या सुमारापर्यंत चित्र साधारण १२ बाय १८ इंचांचं, पुढे १० बाय १५. न्यूयॉर्कमधल्या सुरुवातीच्या कॉमिक संमेलनांत अशी पानं मोजक्या डॉलरांत मिळत, असं जुने संग्राहक सांगतात.

आमच्या पावसाळ्यात बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीवर फ्रेम लावू नका. आम्लरहित कागदात, आडवं ठेवा. लॅमिनेशन? कृपा करून नको!